पाटा वाढवणे

पिकअपच्या मागच्या आसावरील पोलादी पट्ट्यांच्या जुडीत जादा पट्टी घालून गाडी ओझ्याखाली कमी दबेल असे करणे. गाडीची उंची वाढवण्यासाठी (लिफ्ट) आणि जड मालासाठी सस्पेन्शनमध्ये जे जे बदल केले जातात, त्यांतला सर्वांत जुना आणि स्वस्त तो हाच. म्हणून बाकीच्या बदलांचा विचारही या शब्दाखाली केला आहे. सस्पेन्शनला पारिभाषिक मराठीत ‘निलंबन’ असा प्रतिशब्द आहे. पण मराठीत निलंबित होतो तो तलाठी, गाडी नव्हे. तेव्हा येथे तो वापरलेला नाही.

जुडीतला सर्वांत लांब पाटा तो मेन पाटा. त्याची दोन्ही टोके वळवून डोळे केलेले असतात. पुढचा डोळा बुश आणि पिन घालून चासीला पक्का बसवतात. मागचा मात्र शॅकल नावाच्या हलत्या दुव्यावर टांगलेला असतो, कारण पाटा दबला की त्याची कमान सपाट होऊन तो लांबतो आणि त्या लांबीला कुठेतरी जागा हवी. मेन पाट्याखाली उतरत्या लांबीचे पाटे, सगळ्यांना मधोमध ओवणारा सेंटर बोल्ट आणि जुडी आसावर आवळून धरणारे दोन यू-बोल्ट, एवढाच हा संसार. कमानीच्या पाट्यांवर घोडागाडीचा सांगाडा तोलण्याचे पेटंट इंग्लंडमधील ओबाडाया एलियट याने १८०४ साली घेतले. मोटारगाड्यांतून हे पाटे कधीच गेले. पिकअपच्या मागे ते टिकून आहेत. १९६८ साली आलेल्या टोयोटा हायलक्सच्या मागच्या आसावर पाटे होते आणि २०२२ साली भारतात विक्रीला आलेल्या हायलक्सवरही आहेत. इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस आणि महिंद्रा बोलेरो पिकअप यांचेही तेच. अमेरिकेतील रॅम १५०० सारखी मागे कॉइल स्प्रिंग घेणारी पिकअप हा अपवाद.

या चिवटपणाची कारणे साधी आहेत. पाटा एकाच वेळी दोन कामे करतो: ओझे तोलतो आणि आसाला जागच्या जागी धरूनही ठेवतो. कॉइलला दुसरे काम जमत नाही, तिच्या जोडीला दांडे लागतात. शिवाय पाटे एकमेकांवर घासतात आणि त्या घर्षणाने हेलकावे थोडेफार आपोआप विरतात. तिसरे कारण कोणत्याही हमरस्त्याच्या कडेला दिसते. तुटलेला पाटा तिथल्या तिथे दुरुस्त होतो.

हमरस्त्याकडेच्या पाट्यांच्या दुकानात यंत्रसामग्री फारशी नसते. चासीखाली लाकडी ठोकळे आणि जॅक लावून मागचा भाग उचलतात, चाके काढतात. यू-बोल्टचे नट बहुधा गंजून एकजीव झालेले असतात. ते गॅसने तापवून, नाहीच निघाले तर कापून काढावे लागतात. जुडी खाली उतरली की पाटे सुटे करून एकेक उन्हात धरून पाहायचा. जुन्या भेगेच्या तोंडाशी गंजाची तपकिरी रेघ असते, ताज्या तुटीची कड राखाडी आणि दाणेदार. भेग बहुतेक वेळा सेंटर बोल्टच्या भोकापाशी सापडते, कारण तिथे पोलाद कमी आणि ताण जास्त. बसलेल्या पाट्याला ऐरणीवर ठेवून घणाने पुन्हा कमान देतात. कारागीर बोटभर अंतराने ठोके टाकत जातो आणि मधूनमधून पाटा नव्या पाट्याशेजारी उभा धरून बाक जुळवतो. ही कमान टिकाऊ नसते. कमान धरून ठेवण्याची पाट्याची ताकद भट्टीतल्या उष्णोपचारातून आलेली असते. घणाने आकार परततो, थकलेले पोलाद ताजे होत नाही. काही महिन्यांत गाडी पुन्हा बसली की मालक कारागिराला बोल लावतो, तो निम्माच न्याय्य आहे.

पाटा वाढवल्याने नेमके काय होते? समजा, मागच्या दोन्ही जुड्या मिळून दर सेंटिमीटर दबायला १०० किलो लागतात आणि प्रत्येक जुडीत सारख्या जाडीचे पाच पाटे आहेत. मागच्या आसावर १,००० किलो माल आला की गाडी १० सेंमी बसेल. दोन्हीकडे एकेक पाटा वाढवला की ताठपणा सुमारे १२० होईल आणि तीच गाडी ८.३ सेंमी बसेल. फरक दोन सेंटिमीटरही नाही. डोळ्यांना जी उंची वाढलेली दिसते ती बरीचशी नव्या पाट्याच्या जादा कमानीची असते. जाडीचा हिशेब मात्र वेगळा. पाट्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे १० मिमीचा एक पाटा ८ मिमीच्या जवळजवळ दोन पाट्यांच्या बरोबरीचा ठरतो. ‘एकच तर घातला’ असे म्हणणाऱ्याला तो किती जाड घातला हे आधी विचारावे.

या ताठपणाची किंमत रिकाम्या फेरीत मोजावी लागते. वरच्याच गाडीत मागच्या पाट्यांवर रिकामेपणी ५०० किलो असतील, तर ती ५ सेंमी दबलेली असते आणि सेकंदाला साधारण सव्वादोन हेलकावे घेते. भरल्यावर १५ सेंमी दबून सव्वाच्या आसपास घेते. म्हणून भरलेली पिकअप डुलत जाते आणि रिकामी उडते. पाटा वाढवला की उडणे आणखी वाढते, ओल्या रस्त्यावर मागची चाके पकड सोडू लागतात. यावर उपाय म्हणून हेल्पर पाटे निघाले. ते मुख्य जुडीपासून अंतर राखून असतात आणि ओझ्याने जुडी खाली आली की मगच कामाला लागतात. परतीला रिकामी येणाऱ्या गाडीला साध्या जादा पाट्यापेक्षा हेल्पर केव्हाही बरा.

परदेशांत यासाठी हवेच्या पिशव्याही सर्रास वापरतात. चासी आणि आस यांच्यामध्ये रबरी पिशवी बसवून माल भरला की हवा भरायची, उतरला की सोडायची. सोय उत्तम, पण एक मेख आहे. पाट्याची जुडी आपला भार चासीला दोन ठिकाणी, पुढच्या ब्रॅकेटवर आणि मागच्या शॅकलवर, वाटून देते; पिशवी तो दोहोंच्या मधोमध एकाच जागी देते. हौद्याचे टोक जड असेल आणि मागे ट्रेलरही असेल, तर चासी त्याच जागी वाकते. ऑस्ट्रेलियात लांब केबिनच्या पिकअपांचे असे कंबरडे मोडल्याची उदाहरणे चांगलीच परिचित आहेत. यात तरफेचाही हात असतो. पुढच्या-मागच्या आसांत ३ मीटर अंतर असलेल्या गाडीत मागच्या आसाच्या १ मीटर पाठीमागे ३०० किलो ठेवले, तर मागच्या आसावर ४०० किलो येतात आणि पुढच्या आसावरचे १०० किलो उचलले जातात. स्टिअरिंग हलके लागू लागते ते यामुळेच. ड्रायव्हरला ते सुख वाटते.

गाडी उंच करणे हा वेगळा व्यवहार आहे, जरी दोन्ही कामे एकाच दुकानात होत असली तरी. जड मालासाठी ताठपणा हवा. खडकाळ वाटेवर चाक खड्ड्यात खाली सुटायला हवे, म्हणजे मऊपणा आणि लांब हालचाल हवी. एकाच जुडीकडून दोन्ही मागणारा गिऱ्हाईक बहुधा दोन्ही गमावतो. मागची उंची वाढवण्याचा स्वस्त मार्ग म्हणजे आस आणि जुडी यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा घालून लांब यू-बोल्ट टाकणे. ठोकळ्याने ताठपणा बदलत नाही, पण आसाला पीळ देण्यासाठी मोठी तरफ मिळते. गाडीने जोरात वेग घेतला की पाटा ‘एस’ अक्षरासारखा वळतो आणि प्रोपेलर शाफ्टचे जॉइंट खडखडतात. ठोकळ्यावर ठोकळा रचणे आणि पुढच्या आसावर ठोकळा घालणे, या दोन गोष्टी कोणत्याही शहाण्या मेकॅनिकने करू नयेत.

आजच्या बहुतेक प्रवासी-वळणाच्या पिकअपांना पुढे अखंड आस नसतो. दोन्ही चाके स्वतंत्र दांड्यांवर असतात. तिथे स्ट्रटच्या (कॉइल आणि शॉकअप यांच्या एकत्र खांबाच्या) डोक्यावर २५ मिमीची चकती घातली की चाकापाशी सुमारे ५० मिमी उंची मिळते, कारण स्ट्रट दांड्याच्या साधारण मध्यावर टेकलेला असतो. पाच सेंटिमीटरपर्यंत निभावते. पुढे गेले की चाकाला ताकद नेणाऱ्या शाफ्टचा कोन वाढून त्याची रबरी टोपी फाटते, ग्रीस उडते, बॉल जॉइंट टोकाला भिडतात आणि अलाइनमेंट जुळता जुळत नाही. मग वरचे दांडे बदला, डिफरन्शियल खाली घ्या, असे काम वाढत जाते. शॉकअप तर दोन्ही बाजूंना बदलायलाच हवेत. ताठ पाटा दबून जोरात उसळतो, ती उसळी जुन्या शॉकअपला आवरत नाही.

लिफ्टचा एक गैरसमज मात्र सार्वत्रिक आहे. मागे अखंड आस असलेली गाडी सस्पेन्शनने कितीही उचलली तरी डिफरन्शियलच्या गोळ्याखालची जागा एक मिलिमीटरही वाढत नाही. आस चाकांच्या उंचीवरच राहतो. ती जागा वाढते फक्त मोठ्या टायरने, आणि तीही व्यासातील वाढीच्या निम्मी. २६५/६५ आर १७ च्या जागी २६५/७० आर १७ टायर टाकला तर व्यास सुमारे २६ मिमीने वाढतो, जागा १३ मिमीने. शिवाय स्पीडोमीटर खऱ्या वेगाच्या तीनेक टक्के मागे पडतो. उलट गुरुत्वमध्य मात्र मनापासून वर जातो. दोन चाकांतील अंतराच्या निम्म्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागून येणारा अंक अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा खात्याने गाडी उलटण्याच्या धोक्याचे माप म्हणून वापरला आहे. तो जितका लहान तितका धोका मोठा. दीड मीटर रुंद चाकांतरावर ७० सेंमी उंचीला तो १.०७ येतो. गाडी ५ सेंमी उचलली की १.०.

ब्रेकचा मुद्दा गॅरेजात क्वचितच निघतो. अनेक पिकअपांत मागच्या ब्रेकचा दाब ओझ्यानुसार कमी-जास्त करणारा झडपेचा डबा चासीवर असतो आणि एका बारीक दांडीने तो आसाला जोडलेला असतो. गाडी बसली की माल भरला, उचलली की रिकामी, एवढीच त्याची समज. पाटे वाढवून गाडी उंच केली की दोन टन कांदा भरलेला असतानाही डबा तिला रिकामी समजतो आणि मागचा ब्रेक सैल ठेवतो. थांबवण्याचे सगळे काम पुढच्या चाकांवर पडते. माळशेज घाटातून कल्याणकडे उतरताना हे उमगणे बरे नव्हे. दांडी नव्या उंचीला जुळवून घेणे हे अर्ध्या तासाचे काम आहे.

पाटा वाढवल्याने गाडीची क्षमता वाढते, हा यातला सर्वांत महागडा समज. गाडीची कमाल भारमर्यादा पाट्यांवर एकट्याने ठरत नाही. आस, बेअरिंग, चासी, ब्रेक, टायर आणि क्लच यांतल्या सर्वांत दुबळ्या भागावर ती ठरते. टायरच्या कडेवर भारांक ११२ असेल तर तो टायर १,१२० किलोच तोलणार, पाटे कितीही असोत. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा क्रेट २० किलोचा धरतात. १.७ टन क्षमतेच्या पिकअपमध्ये असे ८५ क्रेट बसायला हवेत, तेही क्रेटचे स्वतःचे वजन न धरता. तिसऱ्या थरावर चौथा चढवून १२० भरले तर २.४ टन झाले. मूळ पाट्यांची गाडी अशा वेळी मागे बसून, मडगार्ड टायरला घासून निदान तक्रार तरी करते. पाटा वाढवलेली सरळ उभी राहते, आणि जास्त माल भरल्याची ड्रायव्हरला दिसणारी एकमेव खूण नाहीशी होते.

भारतात मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या आणि नोंदणीपत्रात असलेल्या तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हा अर्थ कडकपणे लावला. २०१९ च्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड, तर जादा मालासाठी २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये, अशी तरतूद केली. ऑस्ट्रेलियाने वेगळी वाट धरली. तिथे स्प्रिंगा, शॉकअप आणि लागेल तिथे ब्रेक-टायरही बदलून, चाचण्यांनिशी गाडीची भारमर्यादाच अधिकृतपणे वाढवून मिळते; हे काम पहिल्या नोंदणीपूर्वी केले तर सोपे, नंतर राज्याराज्याचे नियम वेगळे. ट्रेलर ओढत महिनोन्‌महिने भटकणाऱ्यांच्या देशाला ती गरज होती. पिकअपवर शेतमालाची इतकी भिस्त असलेल्या आपल्याकडे अशी सोय असायला हरकत नव्हती, असे नोंदकाराला वाटते.

अमेरिकेत उंचीची हौस उलट्या टोकालाही गेली. पुढचा भाग उचलून मागचा खाली टेकवलेल्या पिकअपांची ‘कॅरोलायना स्क्वॉट’ नावाची टूम निघाली: माल नसताना माल लादल्यासारखी गाडी, दिवे आभाळाकडे, ड्रायव्हरला बॉनेटपलीकडचा रस्ता दिसेनासा. नॉर्थ कॅरोलायनाने १ डिसेंबर २०२१ पासून पुढचे मडगार्ड मागच्यापेक्षा चार इंच वा अधिक उंच असण्यास बंदी घातली. व्हर्जिनिया आणि साउथ कॅरोलायना मागोमाग आले.

काम करून घ्यायचेच असेल, तर आधी रिकामी आणि मग नेहमीच्या मालानिशी गाडी वजनकाट्यावर न्यावी. एकदा फक्त पुढची चाके काट्यावर घ्यावीत, एकदा फक्त मागची, आणि दोन्ही आकडे त्या-त्या आसाच्या मर्यादेशी ताडून पाहावेत. यू-बोल्ट एकदा आवळले की ताणले जातात, म्हणून जुडी उघडली की ते नवेच घालावेत. पाटे एकमेकांवर नीट बसेपर्यंत नटही सैलावतात. पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर माल भरलेली गाडी सपाट जागी उभी करून ते पुन्हा आवळावे लागतात.