विद्युत वाहने, थंड व दुर्गम मुलखातील : खोडाळा परिसर

बॅटरीवर चालणारी दुचाकी, रिक्षा, मोटार किंवा बस शहरापासून लांब, चढउताराच्या आणि कडक हवामानाच्या मुलखात कितपत उपयोगी पडते, हा प्रश्न बहुधा नॉर्वे, कॅनडा किंवा लडाखच्या संदर्भात चर्चिला जातो. महाराष्ट्रात तो विचारायचा तर जव्हार–मोखाड्याच्या डोंगरात, त्यातही खोडाळ्याला विचारावा. येथे थंडी गाडीला अडवत नाही. अडवतात ते घाट, पावसाळा, वीज आणि डांबर संपल्यावर सुरू होणारे पाडे. बर्फाळ देशांतले निष्कर्ष जसेच्या तसे येथे लावले, तर नको त्या गोष्टीची धास्ती घेतली जाते आणि खरी अडचण नजरेआड होते.

खोडाळा हे पालघर जिल्ह्याच्या मोखाडा तालुक्यातले बाजाराचे गाव. १ ऑगस्ट २०१४ पर्यंत हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. गावाच्या एका अंगाला विहीगाववरून कसारा रेल्वे स्थानकाकडे जाणारा रस्ता आहे, दुसऱ्या अंगाला मोखाडा, आणि देवगावच्या बाजूने घोटी–त्र्यंबककडची वाट. सूर्यमाळचे उंच पठार जवळच आहे. वस्ती मुख्यतः वारली, कोळी महादेव, ठाकूर आणि कातकरी समाजांची. भातकापणी उरकली, दिवाळी सरली की अनेक कुटुंबे भिवंडी–वसईकडच्या वीटभट्ट्यांवर कामाला उतरतात. ये-जा चालते ती एसटी, प्रवासी जीप आणि मोटारसायकल यांवर. पाड्यांपासून रस्त्यापर्यंत पायी. उन्हाळ्यात पाण्याच्या टँकरचीही भर पडते. या वाहतुकीचा फार मोठा भाग आज डिझेल-पेट्रोलवर आहे.

आधी थंडीचे पाहू. लिथियम-आयन बॅटरी गारठली की तिच्या आतला विद्युतरोध वाढतो आणि साठवलेली सगळी ऊर्जा हाती लागत नाही. शून्य अंशाखाली वेगाने चार्जिंग केल्यास लिथियम धातूच्या रूपात ऋणाग्रावर साचते आणि बॅटरीचे कायमचे नुकसान होते, म्हणून गाडीची यंत्रणाच चार्जिंगचा वेग कमी करते. त्यातच प्रवाशांना ऊब देण्याचे काम बॅटरीवर पडते. इंजिनाच्या गाडीत ती ऊब फुकट मिळते. नॉर्वेतील हिवाळी चाचण्यांत गाडीगणिक पल्ला साधारण एक-दशांशापासून एक-तृतीयांशापर्यंत घटलेला दिसतो. तरीही २०२४ मध्ये त्या देशात विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी जवळपास ८९ टक्के विजेच्या होत्या, कारण तेथे घरोघरी भरवशाची वीज आहे आणि रस्त्यांवर चार्जर आहेत. उलट जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेतील शिकागोत कडाक्याच्या थंडीत चार्जिंग केंद्रांवर गाड्यांच्या रांगा लागल्या. बॅटरी आधी गरम न करता गाड्या चार्जरला लावल्याने वेळ कितीतरी वाढला होता. भारतात हिमाचल परिवहनने २०१७ मध्येच मनाली–रोहतांगच्या चढावर विजेची बस चालवून पाहिली. रोहतांग खिंड सुमारे ३,९७८ मीटर उंचीवर आहे.

खोडाळ्याच्या हिवाळ्यात पहाटे शेकोटी लागते, पण पारा शून्याच्या आसपासही जात नाही. अशा गारव्यात पल्ल्याला बसणारी झळ किरकोळ असते. बॅटरीला खरा त्रास एप्रिल-मेच्या उन्हाचा. तापलेल्या पत्र्याच्या शेडखाली पूर्ण चार्ज करून दिवसदिवस उभी ठेवलेली बॅटरी लवकर म्हातारी होते. या मुलखात गाडीसाठी हीटर शोधण्यापेक्षा सावली शोधावी.

घाटाची भीतीही प्रमाणाबाहेर सांगितली जाते. प्रवाशांसह १,५०० किलो वजनाची मोटार १०० मीटर उंच चढवायला सुमारे ०.४ युनिट ऊर्जा लागते. सपाटीवर तेवढ्यात ती तीनेक किलोमीटर गेली असती. जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटरवर आहे, म्हणजे किनाऱ्यावरून वर येताना चढासाठीचा जादा खर्च दोन युनिटांच्या आतबाहेर. ३० युनिटांच्या बॅटरीला तो झेपतो. शिवाय उतारावर मोटर जनित्रासारखी फिरते आणि त्यातला बराच भाग बॅटरीत परत भरते. मात्र बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर ही परतफेड घ्यायला जागा नसते आणि गाडी ओढून धरण्याचे काम यांत्रिक ब्रेकवर येते. जव्हारहून विक्रमगडकडे उतरणाऱ्याने सकाळी शंभर टक्के चार्जिंगचा आग्रह धरू नये; नव्वदवर थांबणे घाटात अधिक सुरक्षित.

खरा प्रश्न विजेचा आहे. पावसाळ्यात फांदी तारेवर पडली की लाईट जाते आणि झाडीतून गेलेल्या लांब वाहिनीवर बिघाड शोधायलाच वेळ लागतो. आली तरी शेवटच्या पाड्यावर व्होल्टेज पडलेले असते. दुचाकीचा चार्जर साध्या प्लगवर चालतो, साधारण पाऊण किलोवॉट घेतो आणि तीन युनिटांची बॅटरी चार-पाच तासांत भरतो. हे गणित लाईट रात्रभर टिकली तरच जमते. व्होल्टेज फार खाली गेले की चार्जर बंद पडतो.

दुसरी गोष्ट अर्थिंगची, आणि ती सहसा कोणी लक्षात घेत नाही. मोटारीसोबत येणारे बहुतेक चार्जर आधी अर्थिंग तपासतात; ते नीट नसेल तर लाल दिवा लागतो आणि चार्जिंग सुरूच होत नाही. गावाकडच्या अनेक घरांत तिसऱ्या पिनेची तार कोठेच जोडलेली नसते. जोडायची म्हटली तर खड्डा खणून त्यात मीठ-कोळसा भरून पट्टी पुरावी लागते, आणि येथे हातभर मातीखाली काळा पाषाण लागतो. पावसात ओल असते तोवर अर्थिंग बरे चालते. उन्हाळ्यात खड्डा सुकला की प्रवाहाला वाट मिळत नाही आणि खड्ड्यात पाणी ओतत राहावे लागते. ज्या गावात प्यायचे पाणी टँकरने येते, तेथे ही मागणी लहान नाही. म्हणून चार्जिंगची जागा घरोघरी शोधण्याऐवजी ग्रामपंचायत, शाळा किंवा आरोग्य केंद्राच्या आवारात एकच पक्के अर्थिंग आणि स्वतंत्र मीटर असलेला पॉइंट करणे शहाणपणाचे.

बिलाचाही विचार व्हावा. महाराष्ट्रात घरगुती वीजदराचा पहिला टप्पा दरमहा १०० युनिटांपर्यंतचा असतो आणि त्यापुढचे युनिट चढ्या दराने लागतात. दोन दिवे, पंखा आणि टीव्हीचे घर या टप्प्यात सहज बसते. रोज चाळीस किलोमीटर धावणारी विजेची दुचाकी महिन्याला सुमारे ४५ युनिट खाते आणि अनेक घरांना त्या रेषेपलीकडे नेते. पेट्रोलच्या मानाने खर्च तरीही पुष्कळ कमी राहतो, पण वीटभट्टीच्या उचलीवर वर्ष काढणाऱ्या घरात एकरकमी किंमत कोठून येणार, हा प्रश्न युनिटच्या दराने सुटत नाही.

राज्याच्या २०२५ च्या विद्युत वाहन धोरणात राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करण्याचे उद्दिष्ट आहे. ते पूर्ण झाले तर त्र्यंबकेश्वर–मोखाडा–जव्हार–विक्रमगड या महामार्गाला फायदा होईल. खोडाळा या रस्त्यावर नाही. दुर्गम भागाची गरज महामार्गाच्या अंतरात मोजली की हे असे होते. ती बाजाराच्या गावांच्या यादीवरून मोजायला हवी.

पाऊस पाहता, बॅटरी पाण्याने लगेच बिघडेल ही समजूत चुकीची आहे. अनेक गाड्यांच्या बॅटरीला आयपी-६७ दर्जा असतो, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिली तरी आत पाणी शिरू नये. पण हा दर्जा बॅटरीच्या पेटीचा असतो. जोडण्या, वायरी आणि स्विच यांना तो आपोआप लागू होत नाही. फरशीवरून लाल पाणी धो धो वाहत असताना तर कोणत्याच इंधनाची गाडी घालू नये.

कोणते वाहन आधी बदलावे, याचे उत्तर महाराष्ट्रातल्याच दोन अनुभवांतून मिळते. एसटीने १ जून २०२२ रोजी, आपल्या पहिल्या बसच्या ७४ वर्षांनंतर, त्याच पुणे–अहमदनगर मार्गावर ‘शिवाई’ ही विजेची बस सुरू केली. आगार ठरलेले, फेऱ्या ठरलेल्या, मुक्कामाची जागा ठरलेली. विजेच्या वाहनाला हेच मानवते. जव्हार आगारात चार्जर बसवले तर आसपासच्या फेऱ्या बॅटरीच्या पल्ल्यात बसू शकतात. पाड्यावर मुक्कामी थांबणारी गाडी तेवढी डिझेलची ठेवावी लागेल. दुसरा अनुभव माथेरानचा. मोटारींना बंदी असलेल्या या डोंगरी गावात सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने डिसेंबर २०२२ मध्ये सात ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला, आणि ६ ऑगस्ट २०२५ च्या निकालात माणसाने ओढायच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश झाला. चढाच्या, प्रचंड पावसाच्या जागी छोटी विजेची रिक्षा म्हातारी माणसे आणि शाळकरी मुले यांच्या उपयोगी पडते, हे तेथे दिसले. खोडाळ्याच्या बाजारापासून जवळच्या पाड्यांपर्यंत तशीच रिक्षा चालू शकते. मात्र माथेरानला तिच्यासाठी रस्ता होता.

येथे अनेक पाड्यांना तो नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये मोखाडा तालुक्यातल्याच मर्कटवाडीत जुळी नवजात बाळे दगावली आणि बाळंतिणीला रस्ता नसल्याने झोळीतून दवाखान्याकडे न्यावे लागले. अशा पाड्यासाठी डिझेल की वीज हा वाद आज निरर्थक आहे. आधी रस्ता आणि मोऱ्या हव्यात. रस्ता झाल्यावरही १०८ च्या रुग्णवाहिका विजेवर नेण्याची घाई करू नये. रात्री-अपरात्री निघून नाशिक किंवा ठाण्यापर्यंत धावायची वेळ येते, आणि त्या रात्री गावात लाईट असेलच असे नाही.

उरते दुरुस्ती. पेट्रोलच्या मोटारसायकलचा प्लग साफ करणारा कारागीर प्रत्येक नाक्यावर भेटतो. विजेच्या गाडीचा कंट्रोलर बिघडला तर ती टेम्पोत घालून नाशिक नाहीतर कल्याणला न्यावी लागते, आणि रोजंदारीवरच्या माणसाचा त्यात आठवडा जातो. गाडीवरचे अनुदान देतानाच जव्हार–मोखाड्यातल्या आयटीआयच्या मुलांना हाय-व्होल्टेज सुरक्षा आणि बॅटरी तपासणीचे शिक्षण द्यावे, सुट्या भागांचा साठा तालुक्याच्या गावी ठेवणे विक्रेत्यांना बंधनकारक करावे आणि निकामी बॅटरी परत घेण्याची जबाबदारीही तेथेच ठरवून द्यावी. तोवर खोडाळ्यात विजेची दुचाकी घेणाऱ्याने ती बॅटरी काढून घरात चार्ज करता येईल अशीच निवडावी.