डाग आणि सुई

वालूरच्या आमच्या काकूंच्या पोटावर, बेंबीच्या दोन्ही अंगांना, काळसर वणांची एकेक ओळ आहे. काकू तान्ह्या असताना त्यांचे पोट फुगले, रडे थांबेना. तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांनी डाग देणाऱ्याला बोलावले. त्याने चुलीत सळई लाल केली आणि लेकराच्या पोटाला टेकवली. पोटफुगी उतरली, हे काकू आईकडून ऐकत आल्या. जखमा मात्र महिनाभर चिघळल्या, हेही त्यांनी आईकडूनच ऐकले. आता त्या सत्तरी ओलांडून गेल्या आहेत. शरीराची कातडी सुरकुतली, पण ते वण काही पुसले नाहीत.

हे सांगण्याचे कारण असे की, गेल्या पावसाळ्यात काकूंचे गुडघे फारच धरले. आमच्या गावची बारव प्रसिद्ध आहे. तिच्या पायऱ्या शंखाच्या वळशासारख्या गोल फिरत पाण्याकडे उतरतात. अलीकडे गावकऱ्यांनी गाळ उपसून ती मोकळी केल्यापासून बाहेरगावची माणसे ती पाहावयास येतात. काकूंना मात्र तिची पहिली पायरीही उतरवेना. शेजारणीने त्यांना सुया टोचून घेण्याचा, म्हणजे ॲक्युपंक्चरचा, सल्ला दिला. आणि त्यांना शहरात नेण्याचे काम, मी सेलूस राहतो म्हणून, माझ्याकडे आले. मी त्यांना आणावयास गेलो तेव्हा त्यांनी दोन गोष्टी ऐकवल्या. पहिली घोषणा होती : "सुया सुरू झाल्या की साखरेच्या गोळ्या बंद. दोन-दोन औषधं कशाला?" दुसरा प्रश्न होता, आणि तो विचारताना त्यांचा हात नकळत पदराखाली पोटाशी गेला होता : "तिथं चटका देतात का रे?"

मी उभा जन्म शाळेत इतिहास शिकवला. वैद्यकातले मला काही कळते असा माझा दावा नाही. परंतु काकूंच्या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो तेव्हा ते इतिहासातच सापडले, आणि नव्या रोग्याला जे माहीत असावयास हवे तेही बहुतेक तेथेच सापडले.

चिनी भाषेत या विद्येला 'झेनजिऊ' म्हणतात. झेन म्हणजे सुई आणि जिऊ म्हणजे शेक किंवा चटका. म्हणजे काकूंची शंका अगदीच निराधार नव्हती. १९७३ साली चीनमधील मावांगडुई येथे एक जुने थडगे उघडण्यात आले. ते इसवी सनापूर्वी १६८ मध्ये बंद झालेले होते. त्यातील रेशमी वस्त्रांवर लिहिलेल्या वैद्यकीय ग्रंथांत देहातील वाहिन्यांची वर्णने आहेत, त्यांवर वनस्पती जाळून शेक देण्याचे उपचार आहेत. सुईचे नाव मात्र नाही. सुईचा शास्त्रशुद्ध विस्तार येतो तो त्यानंतरच्या 'ह्वांगदी नेइजिंग' या ग्रंथात. यावरून आधी आग आली आणि मग सुई आली, असे मानावयास जागा आहे. शेकासाठी जी वनस्पती वापरतात ती आपल्या दवण्याच्याच कुळातली. चैत्रात जोतिबाला वाहतो तो हा दवणा. त्याचा एक चिनी भाऊबंद वाळवून, कुटून, त्याची वात करून पेटवितात.

आपल्याकडेही आग होतीच. सुश्रुताने सूत्रस्थानात अग्निकर्माला एक सबंध अध्याय दिला आहे. पिंपळी, शेळीची लेंडी, गाईचा दात, शलाका ही त्याची साधने. रक्त काढण्यासाठी शीर कशी वेधावी हेही तो सांगतो. एवढ्यावरून सुयांची ही विद्या मूळ आपलीच, असे म्हणणारे आज पुष्कळ भेटतात. मला तसे म्हणवत नाही. देहभर आखलेल्या वाहिन्या, त्यांवरील शेकडो बिंदू आणि त्यांत फिरणारी 'ची' नावाची शक्ती, ही सारी मांडणी चिन्यांची आहे. दुसऱ्याचे श्रेय दुसऱ्यास देण्याने सुश्रुत काही लहान होत नाही. फरक असा की, सुश्रुताने डाग कोणाला देऊ नये हेही लिहून ठेवले, आणि त्यांत बालकाचे नाव आहे. आमच्या गावच्या सळईपर्यंत ते पान पोहोचले नाही.

विद्या उतरत उतरत अडाणी हाती जाते, ही भीती चिन्यांनाही होती. सोंग घराण्याच्या काळी, १०२७ साली, वांग वेईयी या राजवैद्याने माणसाएवढे दोन ब्राँझचे पुतळे घडविले. त्यांवर बिंदूंच्या जागी छिद्रे होती. परीक्षेच्या वेळी वरून मेण लिंपावयाचे, आत पाणी भरावयाचे आणि विद्यार्थ्याने सुई मारावयाची. जागा बरोबर असेल तर पाणी येई, चुकली तर सुई शिरतच नसे. हजार वर्षांपूर्वीची ही परीक्षा मी आगगाडीत काकूंना सांगितली तेव्हा त्या पटकन म्हणाल्या, "मग आपल्यावाल्याची कोणी घेतली का परीक्षा?" प्रश्न रास्त होता. महाराष्ट्राने २०१५ च्या कायद्याने या पद्धतीसाठी परिषद नेमण्याची आणि उपचारकांच्या नोंदणीची व्यवस्था केली. केंद्र सरकारने २०१९ मध्ये तिला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. तेव्हा रोग्याने पहिली गोष्ट विचारावी ती नोंदणीची. त्यात संकोच कसला?

या विद्येचे दिवस नेहमीच बरे होते असेही नाही. १८२२ साली चीनच्याच बादशहाने राजवैद्यशाळेतील सुई-शेकाचा विभाग बंद केला. विसाव्या शतकात माओच्या राजवटीने तिला पुन्हा पुढे आणले. आणि येथे आपल्या महाराष्ट्राचा धागा गुंफला जातो. १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईहून पाच डॉक्टरांचे पथक युद्धग्रस्त चीनकडे निघाले. त्यांत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि बंगालचे डॉ. विजयकुमार बसू होते. कोटणीस शस्त्रवैद्य, सुयांशी त्यांचे नाव जोडणे बरोबर नाही. परंतु त्यांचे सहकारी बसू १९५८ साली पुन्हा चीनला गेले, ही विद्या शिकले आणि १९५९ पासून कलकत्त्यात तिचा उपचार करू लागले. हिंदुस्थानात ती रुजली ती मुख्यतः त्यांच्यामुळे.

जगभर तिचा गाजावाजा झाला तो १९७१ साली. जेम्स रेस्टन हा अमेरिकन पत्रकार पेकिंगमध्ये असताना त्याचे अपेंडिक्स काढावे लागले. 'सुया टोचून, भूल न देता शस्त्रक्रिया केली', असे आजही लोक सांगतात. रेस्टनने स्वतः लिहिले ते वेगळे आहे : शस्त्रक्रिया नेहमीच्या भुलीच्या इंजेक्शनानेच झाली. दुसऱ्या रात्री पोट फुगून तो अस्वस्थ झाला, तेव्हा कोपरात व गुडघ्यांखाली सुया टोचल्या आणि धुमसती वनस्पती पोटाजवळ धरली. तासाभरात त्याला आराम पडला. हे वाचताना मी थबकलो. पोट फुगलेले तेच, आग तीच. पण तेथे ती कातडीपासून अंतर राखून होती. ते चार बोटांचे अंतर आमच्या काकूंच्या वाट्याला आले नाही.

रेस्टनच्या गोष्टीपासून दुसरा धडा घ्यावयाचा तो हा की, सुईने काय केले आणि काय केले नाही, याचा हिशेब चोख ठेवावा. जर्मनीत गुडघेदुखीच्या सुमारे १००० रोग्यांवर एक मोठी चाचणी झाली; तिचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनी, नेमक्या बिंदूंवर सुया घेतलेल्यांपैकी शेकडा ५३ जणांना चांगला उतार होता. भलत्याच ठिकाणी वरवर सुया टोचलेल्यांपैकी शेकडा ५१ जणांना. आणि नेहमीचे उपचार घेतलेल्यांपैकी फक्त २९ जणांना. या आकड्यांवर पंडितांचा वाद आहे. बिंदूंचे महत्त्व फारसे दिसत नाही, पण सुया घेणाऱ्याला आराम पडतो हेही नाकारता येत नाही. दुखण्यावर उतार मिळू शकतो; झिजलेले हाड भरून येत नाही, आणि रक्तातली साखर तर या सुयांच्या भरवशावर मुळीच सोडू नये.

हे शेवटचे वाक्य काकूंच्या गळी उतरविण्यास मला जालन्यापर्यंतचा प्रवास लागला. अखेरीस मी म्हणालो, "काकू, विहिरीला मोट बसवली म्हणून कोणी पावसाला नको म्हणतं का?" त्या हसल्या आणि गोळ्यांची पुडी पिशवीत खाली गेली होती ती वर काढून ठेवली.

बाकीच्या गोष्टी मी त्यांना थोडक्यात सांगितल्या. उपाशीपोटी जाऊ नये, घेरी येण्याचा संभव असतो. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, हृदयात यंत्र बसविलेले असेल, बाई गरोदर असेल, तर ते आधी सांगावे. सुई केसासारखी बारीक असते. टोचताना मुंगी चावल्यासारखे वाटते, मग जड, झिणझिणल्यासारखे. वीस-तीस मिनिटे पडून राहावयाचे. एका खेपेत गुण येत नाही. सहा-आठ खेपांनंतरही फरक नसेल तर उगाच पैसे घालवू नयेत. कोठे काळे-निळे पडले तर घाबरू नये. परंतु छातीपाठीवर सुया घेतल्यावर दम लागला तर तडक इस्पितळ गाठावे. आणि सर्वांत महत्त्वाचे : सुईचे पाकीट आपल्या डोळ्यांदेखत फुटले पाहिजे. १९८४ साली अमेरिकेतील ऱ्होड आयलंडमध्ये एकाच उपचारकाच्या सुयांवाटे ३५ रोग्यांना काविळीचा 'बी' जातीचा संसर्ग झाला होता.

पहिल्या दिवशी काकूंनी पाकीट स्वतः हातात घेऊन पाहिले. सुया लागल्या तेव्हा त्यांनी डोळे मिटले नाहीत. त्या गुडघ्याकडे टक लावून पाहत होत्या. शेकाची वात पेटवू का, असे विचारले तेव्हा मात्र त्या ठामपणे "नको" म्हणाल्या, आणि त्या मुलीने आग्रह केला नाही. कोणी आपल्याला विचारतो आणि आपले 'नको' ऐकतो, याचेच काकूंना नवल वाटले असावे.

आठ खेपा झाल्या. गुडघे साफ बरे झाले नाहीत. पण रात्री झोप लागते, आणि बारवेच्या चार पायऱ्या त्या काठी टेकून उतरतात. यात सुईचे किती, विसाव्याचे किती, हे मला सांगता येणार नाही. गोळ्या चालू आहेत.

परवा दिवाळीच्या फराळाचे दळण निवडीत असताना काकूंनी मध्येच विचारले, "अरे, तो सोलापूरचा पोरगा चीनला गेला होता ना? तो आला का मग घरी?"

मी सांगितले की नाही आला. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तो तिकडेच वारला. तिकडेच लग्न झाले होते, एक तान्हे मूल होते.

काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. सुपातले खडे वेचीत राहिल्या.