सांडपाण्याचा पंप : इम्पेलर कोणता निवडावा?

इमारतीचे तळघर महापालिकेच्या मलवाहिनीपेक्षा खाली असेल, तर तेथील मैलापाणी पंपानेच वर चढवावे लागते. असा पंप घेताना गृहनिर्माण संस्थेच्या सभेत चर्चा रंगते ती अश्वशक्तीची आणि किमतीची. पंपाच्या पोटात फिरणाऱ्या चक्राची, म्हणजे इम्पेलरची, चौकशी सहसा कोणी करीत नाही. वास्तविक पंप वारंवार तुंबणार की नाही, हे बव्हंशी त्यावरच ठरते.

स्वच्छ पाण्यासाठी अनेक पात्यांचा, दोन्ही बाजूंनी झाकलेला बंदिस्त इम्पेलर उत्तम. मैलापाण्यात मात्र त्याच्या अरुंद वाटांत चिंध्या, केस, सॅनिटरी नॅपकिन अडकतात. ओले वाइप्सही पाण्यात सहजी विरत नाहीत, वेष्टनावर काहीही छापलेले असो! त्यासाठी एक वा दोनच रुंद वाटांचा चॅनेल इम्पेलर किंवा व्हॉर्टेक्स इम्पेलर वापरतात. व्हॉर्टेक्स इम्पेलर पंपाच्या कोशात मागे सरकवून बसवलेला असतो. तो पाण्यात भोवरा निर्माण करतो आणि बराचसा कचरा पात्यांना न शिवताच बाहेर पडतो.

याची किंमत विजेत मोजावी लागते. सेकंदाला १० लिटर पाणी १० मीटर चढवण्यास ७० टक्के कार्यक्षमतेच्या पंपाला सुमारे १.४ किलोवॉट, तर ४५ टक्क्यांच्या पंपाला सुमारे २.२ किलोवॉट लागतात. रोज दोन तास चालणाऱ्या पंपासाठी हा फरक दोन युनिटांच्या आतला. तो सोसावा, हेच शहाणपणाचे. दिवसभर चालणाऱ्या मोठ्या उदंचन केंद्रांत मात्र चॅनेल इम्पेलरच परवडतो. कचरा बारीक करणारा कटर पंप लहान व्यासाच्या लांब नळीसाठी ठीक. पण वाळूने त्याची धार लवकर बोथटते.

विक्रेत्याला नेमके विचारावे : किती मिलिमीटर व्यासाचा गोळा पंपातून आरपार जातो? पुढची नळी व झडप त्याहून अरुंद नको.

पंप अडकला की टाकीत माणूस उतरवण्याची घाई होते. तेथे साचणारा हायड्रोजन सल्फाइड वायू क्षणात शुद्ध हरपवू शकतो. संरक्षक साधनांशिवाय गटारात वा मलटाकीत माणूस उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने मनाई आहे. अशा मृत्यूंसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये भरपाईची रक्कम ३० लाख रुपये केली. पंपासोबत मार्गदर्शक दांडे आणि साखळी बसवून घेतल्यास तो वरूनच ओढून काढता येतो. टाकीचे झाकण तेवढे रुंद हवे.