खांद्यावरून उतरणारे जांभळे पट्टे

मी येवल्याची पैठणी विणणारी. इजिप्तमधल्या जुन्या कॉप्टिक, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती लोकांच्या, अंगरख्यांवरचे पट्टे पाहिले की हात शिवशिवतात. दोन्ही खांद्यांवरून खाली येणारे हे पट्टे पुष्कळदा नंतर जोडलेले नाहीत, भरतकामही नाही. कापडाबरोबरच मागावर विणलेले आहेत. नक्षीपुरता रंगीत बाणा मागे-पुढे फिरवायचा, हे आमच्या पदरासारखंच. अंगरखा एका बाहीपासून सुरू होऊन दुसऱ्या बाहीशी संपे. म्हणजे अंगावर उभा दिसणारा पट्टा विणकराने आडवा विणलेला असे. केवढा हिशेब डोक्यात ठेवावा लागत असेल!

कापड लिननचं. त्यावर रंग सहजी बसत नाही, म्हणून पट्ट्याला लोकर. समुद्री गोगलगायींपासूनचा जांभळा फार महाग, तेव्हा बहुतेकांनी मंजिष्ठेच्या जातीचं मूळ आणि नीळ यांवर तो साधला. वर लिननच्या पांढऱ्या, बारीक रेघा.

१८८०च्या दशकात इजिप्तमधल्या अखमीम गावच्या कोरड्या वाळूतल्या थडग्यांतून असे पुष्कळ कपडे निघाले. व्यापाऱ्यांनी नक्षीचे तुकडे कापून विकले, साधं कापड टाकून दिलं. मला हा अपराधच वाटतो. आज संग्रहालयांतल्या कितीतरी पट्ट्यांचा मूळ अंगरखा कोणता होता, हे कुणालाच सांगता येत नाही.