टाकी काढली, पण खालची माती कोण तपासणार?

आजचा विषय ऐकायला जरा कोरडा आहे: पेट्रोल पंपाखालची टाकी उपसून काढल्यावर खालची माती आणि भूजल तपासण्याचा इतिहास. पण या विषयापर्यंत मी एका चुकीमुळे पोचलो, आणि चूक माझीच होती. तिथूनच सुरू करतो.

दोनेक वर्षांपूर्वी आमच्या टीमकडे अमेरिकेतल्या जुन्या पंपांचा डेटा आला होता. टाकी काढल्यानंतरचे प्रयोगशाळेचे रिपोर्ट, आणि ते एका टेबलात आणायचं काम माझ्याकडे. बऱ्याच रकान्यांत आकड्याच्या जागी 'एनडी' लिहिलेलं. मी सरळ कोडमध्ये एनडी म्हणजे शून्य करून टाकलं. आलेख छान दिसायला लागले. मग क्लायंटकडच्या भूवैज्ञानिक बाईंनी कॉलवर शांतपणे विचारलं, हे शून्य आलं कुठून? एनडी म्हणजे 'आमच्या यंत्राला दिसलं नाही' एवढंच. यंत्राची मर्यादा ५० असेल तर ४९ सुद्धा एनडीच. आणि काही रकाने रिकामे होते, म्हणजे ती तपासणी केलेलीच नव्हती. मी त्यांनाही शून्यच केलं होतं! त्या दिवशी जाम लाज वाटली. आणि मग मी वाचायला लागलो.

तर गोष्ट अशी. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत गाड्या वाढल्या, पंप वाढले. आगीच्या भीतीने टाक्या जमिनीखाली पुरल्या. बहुतेक टाक्या साध्या पोलादाच्या, गंजरोधक काही नाही. पोलाद ओल्या मातीत गंजणारच. आत किती पेट्रोल आहे ते काठी बुडवून मोजायचे. पण पेट्रोल तापमानाने फुगतं-आटतं, त्यामुळे रोजची थोडीशी गळती त्या हिशेबात सहज लपून जायची.

१९८३ च्या डिसेंबरमध्ये सीबीएस वाहिनीच्या 'सिक्स्टी मिनिट्स' कार्यक्रमात या गळक्या टाक्यांवर एक भाग दाखवला गेला आणि विषय घराघरात पोचला. पुढच्याच वर्षी, १९८४ ला, काँग्रेसने कायदा केला. १९८६ मध्ये सफाईसाठी निधी उभारला, दर गॅलनमागे एका सेंटचा दहावा भाग कर लावून. १९८८ मध्ये नियम आले आणि जुन्या टाक्यांना दहा वर्षांची मुदत मिळाली: २२ डिसेंबर १९९८ पर्यंत सुधारा, बदला, नाहीतर बंद करा. आजवर १८ लाखांहून जास्त टाक्या बंद झाल्यात, आणि पाच लाखांहून जास्त ठिकाणी गळती झाल्याचं पक्कं झालंय.

टाकी काढताना काय करतात? भोवतीची भरावाची वाळू उपसतात, क्रेनने टाकी उचलतात. मग सगळ्यात महत्त्वाचं काम: जिथे गळती असण्याची शक्यता जास्त, तिथलीच माती घ्यायची. टाकीच्या दोन्ही टोकांखालची, पाइपच्या सांध्यांखालची, पंपाच्या यंत्राखालची. तीसुद्धा भरावाची नाही, त्याखालची मूळ माती. बेंझीन पटकन उडून जातं, म्हणून नमुना लगेच बंद करून बर्फात ठेवायचा. पाण्याच्या बाटलीत हवेचा बुडबुडासुद्धा राहू द्यायचा नाही.

भूजलासाठी निरीक्षण विहिरी घेतात, निदान तीन. मला हे फार आवडलं, कारण ही शाळेतली भूमितीच आहे. तीन बिंदूंवर पाण्याची पातळी मोजली की पाण्याचा उतार कळतो, आणि प्रदूषण कुणाच्या विहिरीकडे निघालंय ते कळतं. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात बेंझीनची मर्यादा लिटरमागे ५ मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे एका ग्रॅमने दोन लाख लिटर पाणी मर्यादेवर येऊन ठेपतं.

एवढं सगळं असूनही मोठा फटका बसलाच. शिसं काढल्यावर पेट्रोलची प्रत टिकवायला १९७९ पासून एमटीबीई नावाचं रसायन मिसळायला लागले. पुढे हवा स्वच्छ ठेवण्याच्या कायद्यामुळे १९९५ पासून बऱ्याच शहरांच्या पेट्रोलमध्ये त्याचं प्रमाण सुमारे ११ टक्क्यांपर्यंत गेलं. हेतू चांगलाच होता. पण लिटरभर पाण्यात बेंझीन दोन ग्रॅमही विरघळत नाही, एमटीबीई सुमारे ५० ग्रॅम विरघळतं. मातीला चिकटत नाही, जंतू ते लवकर खात नाहीत. पाण्याबरोबर ते सुसाट पुढे जातं. आणि टाकी काढल्यावर तपासायच्या यादीत बहुतेक ठिकाणी त्याचं नावच नव्हतं!

१९९६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सँटा मोनिका शहराला आपल्या चारनॉक आणि आर्केडिया इथल्या विहिरी बंद कराव्या लागल्या. शहराच्या पाण्याचा जवळपास अर्धा वाटा गेला, बाहेरून पाणी विकत घ्यावं लागलं. टर्पेंटाइनसारखा वास येणारं पाणी कोण पिणार? १९९९ मध्ये राज्यपाल ग्रे डेव्हिस यांनी एमटीबीई टप्प्याटप्प्याने बंद करायचा आदेश दिला. पण चारनॉकच्या विहिरी शुद्धीकरण करून पुन्हा सुरू व्हायला जवळपास पंधरा वर्षं गेली.

इथे मला माझा रिकामा रकाना आठवला. कित्येक जुन्या पंपांच्या रिपोर्टवर एमटीबीई 'सापडलं नाही' असंही नव्हतं. विचारलंच नव्हतं.

आता आपल्याकडे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी २०२० मध्ये नव्या पंपांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. शाळा, दवाखाने, वस्तीपासून ५० मीटर अंतर वगैरे. चांगलं आहे. पण जुन्यांचं काय? माझ्या मामाच्या गावाजवळ हायवेला एक पंप होता. रस्ता रुंद झाला, पंप गेला, टाकी निघाली, खड्ड्यात मुरूम भरला. पलीकडच्या शेतात मामाची विहीर. मी विचारलं, "मामा, पाणी तपासलंत का?" तो म्हणाला, "वास येत नाही रे, चांगलं आहे पाणी."

वास येत नाही, हाही एक एनडीच. मागच्या दिवाळीत मी नमुना घेऊन खाजगी प्रयोगशाळेत गेलो. पिण्याच्या पाण्याच्या त्यांच्या नेहमीच्या पॅकेजमध्ये क्षार, जडपणा, जंतू एवढंच होतं. बेंझीन सांगून, वेगळे पैसे भरून करून घ्यावं लागलं. एनडी आलं. या वेळी मी पुढचा प्रश्न विचारला: मर्यादा किती? कागदावर ती ५ च्या खाली होती, तेव्हा कुठे मामाला फोन केला.

तुमच्या आसपास असा बंद पंप असेल, तर रिपोर्ट बघताना तीन गोष्टी विचारा: नमुना कुठून घेतला, कशाकशासाठी तपासला, आणि यंत्राची मर्यादा किती. भेटू पुढच्या भागात.