भाग 23 : मस्टर, शेल्फ आणि आपलं 'डन'

नेहमीसारखंच, हे एपिसोडचं लिखित रूप आहे. बोलताना जे 'अं', 'म्हणजे', 'बरोबर ना' झालं ते बरंचसं काढलंय, सगळं निघालं नाही.

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं की प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या सॉफ्टवेअरचा इतिहास कधी सांगणार. खरं सांगू का, तो पाच मिनिटांत संपतो. 1910 च्या दशकात अमेरिकेत हेन्री गँटने आडव्या पट्ट्यांचे तक्ते लोकप्रिय केले. 1957 च्या सुमारास ड्यूपाँट कंपनीत क्रिटिकल पाथची पद्धत आली, 1958 मध्ये अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्रासाठी पर्ट आलं. जपानमध्ये टोयोटाने कानबानची कार्डं आणली. 2001 मध्ये अजाइलचा जाहीरनामा, 2002 मध्ये जिरा, 2011 मध्ये ट्रेलो. जिरा हे नाव गोजिरावरून आलंय, म्हणजे गॉडझिला. सोमवारी सकाळी बोर्ड उघडलं की ते पटतं.

झाला इतिहास. पण माझ्या मते हे सगळं आपल्याकडे फार आधीपासून चालू होतं, लाखो माणसांवर, आणि कागदावर. मला ते कळलं आजीमुळे.

दिवाळीत यवतमाळला घरी होतो. लॅपटॉपवर बोर्ड उघडं होतं. आजीने विचारलं, हे चौकोन काय आहेत? मी म्हटलं, आजी, ज्याचं त्याचं काम लिहिलंय, झालं की चौकोन उजवीकडे सरकवायचा. ती म्हणाली, "म्हंजे मस्टर." मी म्हटलं, हो, तसंच. तर म्हणते, "काम झालं थे खरं, पण पैसे भेटले काय, थे यात कुठी दिसते?"

आजी पुसद तालुक्यातली. लग्नानंतर बरीच वर्षं ती रोजगार हमीच्या कामावर जायची. पाझर तलाव, नाला बंडिंग, खडी फोडणं. आमच्या घरात 'रोहयो' हा शब्द मी शाळेत जायच्या आधी ऐकलाय.

तर ही रोजगार हमी. वि. स. पागे हे विधान परिषदेचे सभापती. 1965 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात त्यांच्या कल्पनेचा छोटा प्रयोग झाला : काम मागेल त्याला काम द्यायचं. तेव्हा मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक, आपल्या पुसदजवळच्या गहुलीचे. 1972 मध्ये योजना राज्यभर आली आणि लगेच दुष्काळ डोक्यावर बसला. मे 1973 मध्ये दुष्काळी कामांवर सुमारे 50 लाख माणसं होती. हा आकडा जरा थांबून ऐका. आमच्या टीममध्ये अकरा जण आहेत आणि कोण काय करतंय हे आम्हाला रोज सकाळी पंधरा मिनिटं एकमेकांना विचारावं लागतं.

पुढे 1977 मध्ये कायदा झाला, 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. मागणी केल्यावर 15 दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता.

आता बघा, माणूस कधी काम मागेल हे आधी माहीत नसतं. म्हणून आधीच मंजूर करून, अंदाजपत्रक काढून कामं तयार ठेवायची. त्या यादीला सरकारी भाषेत काय म्हणतात? शेल्फ. 'शेल्फवर कामं आहेत का' असं तहसील कचेरीत आजही विचारतात. आपण ज्याला बॅकलॉग म्हणतो तेच की हे! मग मस्टर, म्हणजे हजेरीपट : कोण, किती दिवस. आणि मोजमाप पुस्तिका, जिला सगळे एमबी म्हणतात : प्रत्यक्षात किती माती निघाली, किती ब्रास खडी फुटली. हजेरी वेगळी, झालेलं काम वेगळं. कामाचा दर मोजमापावर. दिवसभर हजर असूनही जमीन मुरमाड निघाली तर मजुरी कमी पडायची, यावरून कामावर भांडणं व्हायची असं आजी सांगते. स्टोरी पॉइंटवरून आम्ही भांडतो तेव्हा मला ते आठवतं, पण आमचा पगार त्यावर कापला जात नाही, हा फरक आहेच.

कागदी मस्टरची दुसरी बाजू सगळ्यांना माहितीये. बोगस नावं. गावात नसलेला माणूस मस्टरवर असायचा. त्यामुळे 2005 मध्ये केंद्राचा रोजगार हमी कायदा आला तेव्हा पारदर्शकतेवर बराच भर दिला गेला. 2 फेब्रुवारी 2006 ला पहिल्या टप्प्यात देशातले 200 जिल्हे घेतले, त्यात यवतमाळ होतं. मग एनआयसीने बनवलेलं नरेगासॉफ्ट. जॉबकार्ड, मागणी, मस्टर, मजुरी सगळं वेबसाइटवर, आणि लॉगिनशिवाय! कुठल्याही गावाचं मस्टर घरबसल्या बघता येतं. इंजिनिअर म्हणून मला हे फार मोठं वाटतं. आमचं बोर्ड आमच्याच कंपनीतल्या शेजारच्या टीमला दिसत नाही.

पण आता आजीच्या प्रश्नाकडे येऊ, कारण सगळी गंमत, आणि गंमत नाहीच म्हणा, तिथेच आहे.

केंद्राच्या कायद्यातही 15 दिवसांत काम होतं. पण 15 दिवस मोजायचे कधीपासून? मजूर ग्रामपंचायतीत आला त्या दिवसापासून. सॉफ्टवेअर मोजतं ऑपरेटरने मागणी टाकली त्या दिवसापासून. शेल्फवर काम नसेल तर मागणी उशिरा टाकायची, की झालं. सिस्टिममध्ये कोणीच बेकार नाही, भत्ता कोणाचाच निघत नाही. तारखेसह पोच घ्या असं कार्यकर्ते गावोगाव सांगत फिरत ते याचसाठी. पोच हा त्या मजुराकडचा एकमेव टाइमस्टॅम्प.

मजुरीचंही तसंच. मस्टर बंद झाल्यापासून 15 दिवसांत पैसे यायला हवेत, सोळाव्या दिवसापासून रोज 0.05 टक्के भरपाई. म्हणजे 1500 रुपये अडकले तर दिवसाला 75 पैसे. हसू नका, तेवढेही धड मोजले जात नव्हते. कारण पैशाचे दोन टप्पे. ब्लॉकवरून फंड ट्रान्सफर ऑर्डर निघते, मग केंद्राकडून पैसे खात्यात जातात. सिस्टिमचं घड्याळ पहिल्या टप्प्यानंतर थांबायचं. ऑर्डर वेळेत निघाली ना, मग मजुरी 'वेळेत' दिली. पुढे ती वर कितीही दिवस पडून राहो. स्वतंत्र संशोधकांनी याच सरकारी वेबसाइटवरच्या लाखो नोंदी तपासून हे दाखवलं, आणि मे 2018 मध्ये स्वराज अभियानच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दुसऱ्या टप्प्यातल्या उशिराचीही भरपाई द्यावी लागेल, पैसे मजुराच्या खात्यात पडेपर्यंत.

हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण सांगतो.

दोन वर्षांपूर्वी मी एका ठिकाणी सपोर्टच्या तिकिटांची सिस्टिम लावली होती. तक्रार किती तासांत सुटली ते मोजायचं. त्यात मी एक नियम लिहिला : तिकीट 'दुसऱ्या टीमकडे प्रलंबित' झालं की घड्याळ थांबेल. मला तेव्हा ते एकदम न्याय्य वाटलं होतं. आपल्या हातात नाही तो वेळ आपल्या नावावर का? महिनाभरात आकडे सुधारले. माझं कौतुक झालं. पलीकडे ज्याची तक्रार होती तो माणूस तेवढेच दिवस वाट बघत होता, कदाचित जास्त, कारण तिकीट पलीकडे ढकलणं आता फायद्याचं झालं होतं. मी वाईट हेतूने काही केलं नव्हतं. नरेगासॉफ्टमध्ये ती अट लिहिणाऱ्यानेही बहुधा केलं नसेल.

आणखी एक सांगून थांबतो. मे 2021 मध्ये एनएमएमएस नावाचं ॲप आलं, 1 जानेवारी 2023 पासून ते सक्तीचं झालं. कामावरच्या मजुरांचे दिवसातून दोनदा फोटो, जागा आणि वेळेसकट. बोगस हजेरीवर कायमचा इलाज. मग जुलै 2025 मध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयाने राज्यांना कळवलं की भलतेच फोटो चढवले जातायत, फोटोचा फोटो काढून चढवला जातोय, फोटोतली माणसं आणि हजेरीतली माणसं जुळत नाहीत. उपाय काय सांगितला? माणसांनी बसून फोटो तपासायचे, ग्रामपंचायतीच्या पातळीवर 100 टक्के. आणि रेंज नसलेल्या नाल्यात खरोखर काम करणाऱ्या बाईचा फोटो चढला नाही, तर तिचा दिवस जातो तो जातोच.

माझ्या त्या नियमाचं विचारताय ना? मी आता तिथे नाही, पण तिथल्या मित्राला फोन केला. नियम अजून तसाच आहे. काढ म्हटलं. तो म्हणाला, "काढतो रे, पण तिमाही संपू दे, डॅशबोर्ड पूर्ण लाल होईल." 31 तारखेनंतर बघतो म्हणालाय. मी कॅलेंडरमध्ये टाकून ठेवलंय.

आजीला हा भाग ऐकवला. तिला आवाज बारीक वाटला. पुढच्या वेळी माइक बदलतो. भेटू.