नावाची दुसरी खेप

आमच्या अकोल्याच्या जुन्या शहरापासून समुद्र कितीतरी लांब. पाणी म्हणजे मोर्णा. अन् उन्हाळ्यात तीही नावापुरतीच नदी. तेव्हा मी युद्धनौकांच्या नावांत लक्ष घालायचं खरं म्हणजे कारण नव्हतं. पण माझं स्वतःचंच नाव पडलं वापरलेलं!

ते मुळात माझ्या काकांचं. मोर्णेच्या पुरात ते गेले. पुढं माझं बारसं ठरलं तेव्हा आजीनं बजावलं, "बुडाल्याचं नाव पोराले कायले ठेवता?" आत्यानं मान डोलावली अन् माझ्या कानात 'कुर्र' करून नेमकं तेच नाव सांगितलं. परिणाम असा, की गल्लीतली सारी पोरं मोर्णेत पोहायला शिकली आणि मला असदगडावरून पूर बघायचीसुद्धा बंदी! आजी मला नुसतं 'बाळ्या' म्हणायची.

नौदलाला आत्या नसते, पण रीत आपलीच. १९६१ची 'विक्रांत' १९९७ साली निवृत्त झाली. २०२२ साली त्याच नावाची नवी आली. तटरक्षक दलाचं एक 'विक्रम' १९८३चं, दुसरं २०१८चं. आपल्या खांदेरी किल्ल्याचं नाव १९६८ साली एका पाणबुडीला मिळालं, २०१९ साली दुसरीला. आजोबांचं नाव नातवाला, यात आजीचीही हरकत नसती.

पण 'खुकरी'चं काय? ९ डिसेंबर १९७१ला दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडीनं ती बुडवली. कप्तान महेंद्रनाथ मुल्लांसह १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. तरी २३ ऑगस्ट १९८९ला, मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली नवी नौका तेच नाव घेऊन नौदलात आली. तिच्यावर चढणाऱ्या पोरांच्या आयांना काय वाटलं असेल, ते मला आमच्या आजीवरून कळतं.

ही 'खुकरी' बत्तीस वर्षं राबली आणि २३ डिसेंबर २०२१ला रीतसर निवृत्त झाली. मग स्मारक म्हणून ती दिली कुणाला? दीवला!

हे ऐकायला आजी नव्हती. शेवटच्या आजारात मात्र तिनं एकदाच नावानं हाक मारली होती. काकांना की मला, कोण जाणे. मी 'ओ' दिली.